विसावं ऊन

गाडीतली ऊन अडवायची मोडकी पट्टी दुरुस्त करायचं डेल्फ्रेडला नेमकं त्याच गुरुवारी सुचलं. जवळजवळ तीन आठवडे ती सीटखाली लोळत पडली होती, अजून दोन दिवस लोळली असती तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण पोरं कधी कामाला लागतील ते सांगता येत नाही.

त्याची आई अल्थिया अंगणातल्या खड्ड्यापाशी बसून चिखल थापत होती. तिनं आणि तिच्या बहिणीनं, व्हेल्डानं, सकाळपासून खपून गोड पिकामीचं पातेलं भरलं होतं. मक्याचं पीठ, मोड आणलेल्या गव्हाचं पीठ, खाली-वर कणसांची सालं. पातेलं तापल्या खड्ड्यात उतरवलं, वर झाकण ठेवलं, आता फटी लिंपायच्या आणि वरून जाळ घालायचा. शुक्रवारी सकाळी नातवाचं नाव ठेवून आले की खड्डा उघडायचा आणि गोडधोड सगळ्या गावाला वाढायचं.

“आई, तुझ्या पायाशी स्क्रू पडलाय बघ,” डेल्फ्रेड पिकअपमधून ओरडला.

अल्थियानं स्क्रू उचलून दिला. “मोडली कशी रे ही?” आपलं विचारायचं म्हणून विचारलं तिनं.

“बाळ झालं ना, त्या सकाळी. ऊन सरळ डोळ्यांत, समोरचा रस्ता दिसेना. मागं मर्लेन ओरडतेय. ओढली जोरात खाली, तर आली हातात.”

“ऊन?”

“मग काय. पूर्वेकडं चाललो होतो दवाखान्यात. चढ संपला, ऊन तोंडावर आलं, मी गाडी बाजूला घेतली. उतरून मागं जातोय तोवर हा बाबा बाहेर. सासूबाईंच्या ओंजळीत.”

“तू मला सहा चाळीस म्हणाला होतास.”

“सहा चाळीसच. गाडीच्या घड्याळात बघितलं मी.”

“फोनवर नाही?”

“फोन मर्लेननं कुठं भिरकावला होता देव जाणे. संध्याकाळी सापडला.”

अल्थियाच्या हातावरचा चिखल वाळायला लागला तरी ती तशीच उभी राहिली.

डेल्फ्रेडचे लोक होपी आदिवासी. त्यांच्या पठारांना चहूबाजूंनी नवाहो या दुसऱ्या जमातीची जमीन आहे. ते लोक उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढं करतात, होपी करत नाहीत. फोनला हे काही कळत नाही, ज्याचा टॉवर लागेल त्याची वेळ दाखवून तो मोकळा होतो. त्या रस्त्यावरून कुणी वेळ सांगितली की एक तास वजा करायचा, ही सवय गावातल्या शेंबड्या पोरालाही होती. अल्थियानंही वजा केला होता. सहा चाळीसचे पाच चाळीस. म्हणजे उजाडायच्या आधी. दिवस मोजायचे ते जन्मानंतर उगवणाऱ्या पहिल्या सूर्यापासून. म्हणजे त्याच दिवशीचं ऊन हे पोराचं पहिलं ऊन, आणि विसावं ऊन येतं शुक्रवारी. तिनं बोटं मोजून सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं होतं, “शुक्रवार.” आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला होता, कारण शनिवारी सकाळी सूर्यग्रहण होतं.

पण गाडीचं घड्याळ टॉवर बघून उड्या मारत नाही. ते होपी वेळेवरच होतं. पोर जन्मलं तेव्हा सूर्य वर आला होता. पहिलं ऊन दुसऱ्या दिवसाचं. विसावं शनिवारी.

“काय गं आई?” डेल्फ्रेडनं विचारलं. पट्टी बसली होती, तो खुशीत होता.

“काही नाही. जाळ घाल वर.”

काही नाही कसलं. बाळाला ऊन दाखवायचं काम बापाच्या आईचं. वीस दिवस बाळाला आणि बाळंतिणीला सूर्यापासून जपायचं, दाराला घोंगडी टांगायची, बाळंतिणीला अळणी जेवायला घालायचं. घराच्या भिंतीवर मक्याच्या पिठाच्या चार रेघा ओढायच्या आणि दर पाच दिवसांनी एक पुसायची. चौथी पुसली की पहाटे पोर पठाराच्या कड्यावर न्यायचं, सूर्य वर येताना त्याला दाखवायचं आणि नाव सांगायचं. नाव बापाच्या कुळातल्या बायका देतात, कुळ आईकडून येतं, आणि डेल्फ्रेडचं, म्हणजे अल्थियाचं, कुळ सूर्याचं होतं. सगळं जग सूर्याला बाप म्हणतं, तिला तर ते नात्यानंच म्हणावं लागायचं. आणि त्या बापासमोर ती उद्या एकोणीस दिवसांचं पोर धरून वीस दिवसांचं म्हणून सांगणार होती.

गप्प बसलं तर? कुणाला कळणार होतं? डेल्फ्रेडच्या डोक्यात तर काही शिरलंच नव्हतं. उद्या पोराला नाव मिळेल आणि शनिवारी ते नाव घेऊन ते दाराआड सुखरूप बसेल. बोललं तर अजून एक दिवस पोर बिननावाचं. आणि मग तिनं आपल्याच हातांनी ते अशा सूर्याला दाखवायचं, जो दोन तासांत आजारी पडणार.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट नसती तर कदाचित तिनं तिथंच बोलून टाकलं असतं. मर्लेनला आधी एक मुलगी झाली होती. नवव्या दिवशी ती परत गेली. अल्थियाच्या घरात असंच म्हणत, परत गेली, कारण असं लेकरू त्याच आईच्या पोटी पुन्हा येतं. नाव ठेवायला अकरा दिवस कमी पडले. हाक मारायची म्हटली तर कशानं मारायची, हेसुद्धा त्या पोरीनं मागं ठेवलं नाही. त्या दुःखात अल्थियाची जीभ घसरली. मर्लेनच्या आईला, आर्डिथला, ती चारचौघांत म्हणाली, “पोटुशी पोरगी भर उन्हात मक्याच्या शेतात राबवलीस, दुसरं काय होणार होतं?” त्या दिवसापासून दोन्ही विहिणींचं बोलणं बंद. चुकलं हे अल्थियाला आठवड्याभरातच कळलं होतं. पण कळलं म्हणून कुणी लगेच उठून माफी मागायला जात नाही.

तिनं हात धुतले, पुन्हा चिखलात घातले, पुन्हा धुतले. व्हेल्डानं विचारलं, “तुला मुंग्या चावतायत का?” तेव्हा ती शाल घेऊन निघाली आणि तडक ओरिनमामाकडे गेली.

ओरिनमामा तिच्या आईचा धाकटा भाऊ. वय ऐंशीच्या पुढं, कुळातला सगळ्यात जाणता माणूस. तो अंगणात कणसं रंगांप्रमाणे लावत बसला होता, निळी एकीकडे, पांढरी एकीकडे. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं, तरी त्याची रास चुकत नव्हती.

“ये. बस. पायाला भिंगरी लागल्यासारखी काय फिरतेस? उद्याची तयारी सोडून?”

“मामा, ग्रहणाच्या दिवशी बाळ दाखवतात का?”

“तुझं उद्या आहे ना?”

“आपलं विचारतेय.”

“आपलं विचारायला कुणी एवढा चढ चढून येत नाही.” त्यानं एक कणीस चाचपून बाजूला टाकलं. “दुसऱ्या गावांत काय करतात मला ठाऊक नाही. दुसऱ्या कुळांचं मी बोलत नाही. आमच्या म्हाताऱ्यानं आम्हाला एवढंच सांगितलं, सूर्याला बरं नसतं तेव्हा घरात बसायचं. खायचं नाही, प्यायचं नाही, भांडायचं नाही. आणि बघायचं नाही. माणूस तापानं फणफणलाय आणि तू दारात उभी राहून टक लावून बघतेस, बरं दिसतं का ते? खालच्या रस्त्यावर बघ, कालपासून गाड्या चालल्यात. कागदाचे चष्मे लावून बघणार म्हणे.”

“आणि बाळ?”

“बाळाचं मला कुणी सांगितलं नाही. असं दोन्ही एका दिवशी आलेलं मी बघितलं नाही.”

“म्हणजे चालतं?”

“म्हणजे मला माहीत नाही. माहीत नाही म्हणायची मला लाज वाटत नाही, ती तुम्हा पोरींना वाटते.”

पासष्टीच्या पोरीनं एक कणीस उचललं आणि चुकीच्या राशीत ठेवलं. मामानं ते न बघता उचलून बरोबर राशीत टाकलं.

“तुला ग्रहणाची भीती आहे की दुसऱ्या कशाची?” त्यानं विचारलं.

तिनं आणखी एक कणीस उचललं आणि हातात नुसतं फिरवलं.

“काय लपवतेस ते मला सांगू नकोस, मग मला ते सांभाळत बसावं लागेल. पण मनात मळ घेऊन कड्यावर जाऊ नको, अल्थे. त्यापेक्षा घरी बसलेली बरी.”

झालं, म्हणजे एवढं चढून येऊन ती होती तिथंच. उलट मामानं आणखी एक ओझं दिलं. खाली येताना ती दोनदा ठेचकाळली आणि दोन्ही वेळा दगडालाच बोलली.

संध्याकाळी युक्काच्या मुळ्या घेऊन ती आर्डिथच्या घरी गेली. पहाटे त्या कुटून फेस काढायचा आणि त्यानं बाळाची आणि बाळंतिणीची डोकी धुवायची. डेल्फ्रेड लग्नानंतर इथंच राहायचा, होपींत नवराच सासरी नांदतो. घोंगडी बाजूला सारून ती आत शिरली. आर्डिथ चुलीपाशी पिकीच्या, निळ्या मक्याच्या भाकरीच्या, गुंडाळ्या टोपलीत रचत होती. कागदाहून पातळ, एकही तुटलेली नाही. तिनं मान वर केली नाही.

“उद्या मीठ!” मर्लेन अंथरुणावरून म्हणाली. “सगळ्यात आधी भाजलेली मिरची खाणार, वर हे एवढं मीठ घालून. एकोणीस दिवस! माझी जीभ लाकडाची झालीय.”

बाळ तिच्या कुशीत झोपलं होतं. शेजारी पांढरं कणीस ठेवलेलं, टोकापर्यंत दाण्यांनी भरलेलं, बाळाची राखण करणारी आई. भिंतीवर तीन रेघांच्या पुसट खुणा आणि एक रेघ अजून ठळक. अल्थियानं त्या रेघेकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

“मर्लेन,” आर्डिथ टोपलीकडे बघत म्हणाली, “तुझ्या सासूला विचार, पहाटे किती वाजता येणार?”

“आईला सांग, साडेचारला,” अल्थियानं सुनेला सांगितलं.

“टपालात नोकरी लागली मला,” मर्लेन म्हणाली.

अल्थिया हसली नाही. एकच प्रश्न विचारायचा होता. पोर जन्मलं तेव्हा आर्डिथ गाडीत होती, तिच्याच ओंजळीत आलं ते. विहीणबाई, ऊन होतं का हो तेव्हा? चार शब्द. दोन वर्षं बंद पडलेलं तोंड त्यासाठी उघडायचं होतं. आणि खरं सांगायचं तर तोंड उघडायची तिला तेवढी भीती नव्हती, जेवढी उत्तराची होती. नाही विचारलं तर अजून शंकेला जागा होती. डेल्फ्रेडचा गोंधळ झाला असेल. दिव्याचा उजेड असेल समोरच्या गाडीचा. अशा काय काय समजुती काढत ती घरी गेली आणि अंथरुणावर पडून छताकडे बघत राहिली.

पहाटे सगळं रीतसर झालं. सूर्यकुळाच्या पाच बायका आल्या, फिनिक्सहून आलेल्या दोघी जांभया देत. मुळ्यांचा फेस पातेल्यावर आला. मर्लेनचं डोकं धुतलं, बाळाचं धुतलं, बाळानं सगळ्यांच्या नावानं शंख केला. व्हेल्डा म्हणाली, “अल्थिया, रेघ पूस.”

अल्थियानं भिंतीला तळवा टेकवला. पीठ बोटांना लागलं. तिनं हात काढून घेतला.

“परत आल्यावर पुसते.”

“आधी पुसायची असते.”

“परत आल्यावर म्हटलं ना.”

व्हेल्डानं भुवया उंचावल्या. आर्डिथनं चुलीपासून पहिल्यांदाच मान वर करून बघितलं, रेघेकडे आणि मग अल्थियाकडे.

कड्यावर गार वारा होता. खाली सगळं सपाट, दूरवर डोंगरांची काळी ओळ आणि तिच्यावर उजेडाची पट्टी. मर्लेन शालीत गुरफटून शेजारी उभी होती, चुळबुळत, सारखी बाळाच्या चेहऱ्यावरचं पांघरूण नीट करत. बाकीच्या मागं. अल्थियाच्या डाव्या हातावर बाळ आणि कणीस, उजव्या मुठीत पीठ. नाव तिनं ठरवून ठेवलं होतं. भर दुपारच्या सूर्याचं नाव, तिच्या आजोबांच्या भावाचं, दणदणीत माणूस होता. ते नाव घेऊन पोर कशालाच हरणार नव्हतं.

उजेडाची पट्टी पिवळी झाली. आता कुठल्याही क्षणी.

तेव्हा बाळ शिंकलं. एवढंसं शिंकलं आणि पांघरुणातून डोळे उघडून थेट तिच्याकडे बघायला लागलं. वीस दिवसांचं पोर कुणाकडे बघतं म्हणतात ते काही खरं नसतं. आणि हे तर एकोणीस दिवसांचं होतं. पण अल्थियाला ते आपल्यालाच विचारतंय असं वाटलं. हे पोर आयुष्यभर ज्याच्यासमोर उभं राहणार, त्याच्याशी त्याची ओळखच आपण खोट्यानं करून द्यायची?

तिनं मुठीतलं पीठ पिशवीत परत टाकलं, पांघरूण बाळाच्या तोंडावर ओढलं आणि सूर्याकडे पाठ केली.

“चला घरी.”

“काय झालं?” व्हेल्डा म्हणाली. “शी केली का?”

“एकोणीस झालेत. उद्या वीस होतील. चला.”

“उद्या ग्रहण आहे! डोकं फिरलं का तुझं?”

“ठाऊक आहे मला काय आहे ते. मर्लेन, चल, पळ. ऊन यायच्या आत घरात पोचायचंय.”

आणि त्या पळाल्या. साठी ओलांडलेल्या बायका, ओल्या केसांची बाळंतीण, फिनिक्सच्या उंच टाचांच्या दोघी, सगळ्या पायवाटेनं गावाकडे धावत सुटल्या. मागून ऊन येत होतं. आधी सगळ्यात उंच घराच्या गच्चीला लागलं, मग धुराड्यांना, मग भिंतींवरून खाली उतरायला लागलं. अल्थियाला आयुष्यात कधी सूर्यापासून पळावं लागलं नव्हतं. ती बाळाला छातीशी घट्ट धरून सावलीसावलीनं पळत होती. आर्डिथच्या दारात त्या शिरल्या आणि ऊन पाठोपाठ उंबऱ्याशी आलं.

घरात माणसं जमली होती. डेल्फ्रेड पंगतीची बाकं मांडत होता. सगळे थांबून बघायला लागले.

“चूक माझी आहे,” अल्थिया धापा टाकत म्हणाली. “डेल्फ्रेडनं सांगितलेली वेळ आपली होती, मी ती फोनची समजून तास वजा केला. पोर जन्मलं तेव्हा ऊन होतं. काल दुपारी कळलं मला. काल दुपारपासून कळूनसुद्धा मी गप्प बसले.”

“मी तर सहा चाळीसच म्हणालो होतो,” डेल्फ्रेड म्हणाला. त्याला तेवढंच सुचलं.

मर्लेननं बाळ तिच्या हातांतून ओढून घेतलं. “उद्या? उद्या सूर्य असा असताना? याला काही झालं तर, मी…” नवव्या दिवसाची त्या खोलीतल्या कुणालाही आठवण करून द्यावी लागली नाही.

सगळ्यांच्या नजरा आर्डिथकडे वळल्या. घर तिचं, लेक तिची, गाडीतही तीच होती. आता ही अल्थियाला दारातून बाहेर काढणार आणि काढलं तर ते चुकीचं नाही, असं अल्थियाला स्वतःलाच वाटत होतं. आर्डिथनं झग्याला हात पुसले. कोपऱ्यात घडी करून ठेवलेली घोंगडी उचलली, स्टूल ओढलं, त्यावर चढून ती पुन्हा दाराला टांगली. दोन्ही कोपरे नीट ताणून.

“खड्डा उघडू नका,” ती कुणाकडेच न बघता म्हणाली. “बुडाला लागेल, लागू दे.”

तो शुक्रवार संपता संपेना. फिनिक्सच्या दोघी रजा वाढवायला फोन लावत गच्चीभर फिरत होत्या. गावच्या तोंडाशी पाटी लागली, उद्या पाहुण्यांना गाव बंद. मर्लेननं दुपारचं अळणी जेवण ढकलून दिलं. अल्थिया घरी गेलीच नाही. ती भिंतीशी बसून बाळाचा श्वास मोजत होती, मोजून झाला की पुन्हा मोजत होती. दर वेळी वर बघितलं की आर्डिथही तेच करताना दिसायची, आणि दोघी मान वळवायच्या.

शनिवारी पहाटे पुन्हा मुळ्या, पुन्हा फेस, पुन्हा बाळाचा शंख. या वेळी अल्थियानं रेघ पुसली. कड्यावर सूर्य रोजच्यासारखाच आला. लाल, भरलेला, दोन तासांनी काय होणार याची काही खूण नाही. अल्थियानं पांघरूण काढलं. ऊन बाळाच्या कपाळावर पडलं, त्यानं डोळे मिचकावले. तिनं कणीस त्याच्या छातीवरून फिरवलं आणि दुपारच्या सूर्याचं ते दणदणीत नाव घ्यायला तोंड उघडलं, पण निघालं दुसरंच. होपीत ते एकाच शब्दात होतं. परत येणारा सूर्य. मर्लेननं चमकून तिच्याकडे बघितलं आणि हुंदका आवरला. मग आत्यांनी आपापली नावं दिली, व्हेल्डानं तर दोन दिली. पण कुठलं टिकणार ते सगळ्यांना तिथंच कळलं.

इतक्या घाईचं जेवण गावात कधी झालं नसेल. पिकामी बुडाला लागली होती, तिची खरवड पोरांनी भांडून खाल्ली. मर्लेननं मीठ लावलेल्या तीन मिरच्या ओळीनं खाल्ल्या आणि नाकाडोळ्यांतून पाणी काढत “अजून” म्हणाली. आठच्या आत भांडी झाकली, पाण्याचे माठ झाकले, खिडक्यांना जे मिळेल ते लावलं. दाराला तीच घोंगडी पुन्हा चढली. वीस-बावीस माणसं एका खोलीत दाटीनं बसली. अल्थियाला जागा मिळाली ती आर्डिथच्या शेजारी, दुसरी नव्हतीच.

घोंगडीच्या विणीतून येणारे उजेडाचे ठिपके आधी पिवळे होते, ते हळूहळू पांढुरके झाले. गारठा आला. बाहेरच्या कोंबड्या गप्प झाल्या. ओरिनमामा डोळे मिटून ओठ हलवत होता, पावसासाठी, मक्यासाठी, सगळ्यांसाठी. अल्थियालाही तेच करायचं होतं, पण तिचं मन एका जागी ठरेना. आपण पोर दाखवलं आणि हा आजारी पडला. आपण पोर दाखवलं. आपण.

आणि त्या शांततेत बाळ भुकेनं रडायला लागलं.

मर्लेनचा हात झग्याच्या बटणांकडे गेला आणि थांबला. आता काही खायचं नाही, प्यायचं नाही. तिनं सासूकडे बघितलं. व्हेल्डानं बघितलं. सगळ्यांनी बघितलं. बाळ लालबुंद होऊन टाहो फोडत होतं. आदल्या दिवशी गावाला तोंडावर पाडणाऱ्या अल्थियाला आता काही ठरवायची हिंमत राहिली नव्हती. ती शेजारी वळली.

“विहीणबाई,” ती हळूच म्हणाली, “काय करायचं?”

आर्डिथनं तिच्याकडे बघितलं. दोन वर्षांनी, सरळ.

“आजाऱ्याला लेकराच्या रडण्यानं बरं वाटत असेल का?” ती म्हणाली. “पाज गं त्याला.”

बाळ गप्प झालं. खोलीत फक्त त्याच्या चुटूचुटू पिण्याचा आवाज राहिला. अल्थियाला तेवढ्यानं रडू फुटलं, ते तिनं शालीत दाबलं.

ठिपके पुन्हा पिवळे व्हायला फार वेळ लागला. कोंबडा उगाचच पहाट झाल्यासारखा आरवला आणि पोरं खुसखुसली. ओरिनमामानं डोळे उघडले, तरी अकरा वाजेपर्यंत कुणाला हलू दिलं नाही.

लोक पाय मोकळे करायला उठले तेव्हा आर्डिथ बसूनच राहिली. मग अल्थियाकडे न बघता बोलायला लागली.

“गाडी थांबली आणि खिडकीतून ऊन आत आलं. तेवढ्यात हा बाहेर आला. आधी त्याच्यावर ऊन पडलं, मग माझे हात लागले. ओलं अंग चमकत होतं नुसतं. मी घाईघाईनं शाल टाकली वर.”

“तुला माहीत होतं.”

“तू शुक्रवार म्हणालीस. मला शुक्रवारच हवा होता. मीही गप्प बसले.” तिनं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “काल तू पळत आलीस ना, तेव्हा मला कळलं आपण काय करत होतो ते. फसवायचं कुणाला? त्यानं तर पोर आपल्या आधी बघितलं होतं.”

वीस दिवस घोंगड्या टांगून ज्याच्यापासून लपवलं, तोच पहिला पाहुणा होता. आणि त्याच्या ओळखीच्या पोराची ओळख करून द्यायला आपण जीव टांगणीला लावून बसलो होतो.

“एका शब्दानं सांगितलं असतंस तर,” ती शेवटी म्हणाली.

“तू विचारलंस का?”

आर्डिथ उठली. माठावरचं झाकण काढलं, एक पेला भरला आणि स्वतः न पिता अल्थियासमोर धरला.

“त्या पहिलीच्या वेळी,” अल्थिया पेला हातात घेऊन म्हणाली, “मी जे बोलले ते…”

“पाणी पी आधी,” आर्डिथ म्हणाली. “घसा कोरडा पडलाय तुझा. दोन वर्षं.”